आधी उजेड मोजा, मग लेन्स घ्या

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की आपल्या सालेकसा-देवरी भागात खेळांचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून मंडई, मंडईला लागून कबड्डीचे सामने, पुढे शंकरपट, शाळा-आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा आणि माघ पौर्णिमेला कचारगडची जत्रा. गावोगावची मैदानं गाजत असतात. पण या दिवसांतले फोटो एकदा काढून बघा. पाहुणे हार घेताना आहेत, फीत कापताना आहेत, ढाल देताना आहेत. ज्या पोराने एका चढाईत तिघांना बाद केलं, त्याचा फोटो नाही. असला तर हललेला, धुरकट, मुंगीएवढा.

ही लहान बाब नाही. बातमी गावात वाचली जाते, फोटो मात्र जपून ठेवला जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा एका आदिवासी पाड्यावरची मुलगी धावताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. तिला पाहून किती पोरी मैदानात उतरल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण चेहरा दिसला म्हणून ओळख झाली हे खरे. आपल्याकडचे खेळाडू तालुका, जिल्हा, विभाग असे पुढे जातात. गावात परत येते ती एक ढाल आणि एक प्रमाणपत्र. खेळतानाचा एक धड फोटो गावाजवळ नसतो.

यावर उपाय म्हणून आता गावातली मंडळं, शाळा आणि फोटोचा धंदा करणारी पोरं दूरचं जवळ आणणारी लेन्स, म्हणजे टेलिफोटो लेन्स घ्यायचं बोलू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण घ्यायची कोणती, इथे गाडी अडते. दुकानात जी सर्वांत लांब नळी दिसते ती भारी वाटते. मग धानाचे चुकारे आले की त्यातून, नाही तर हप्त्याने, ती घरी येते. आणि रात्रीच्या सामन्याला काढून बघावं तर सगळे फोटो काळे नाही तर पुसट. बाप विचारतो, ‘काहून घेतली गा एवढी मोठी नळी?’ पोराजवळ उत्तर नसते.

आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या गावच्या खेळांना लाखाच्या लेन्सची गरज नाही. गरज आहे ती दोन गोष्टी मोजून घेण्याची. खेळाडू किती अंतरावर आहे आणि मैदानात उजेड किती आहे. ही दोन मापं घेतली तर दहा-वीस हजारांच्या जुन्या लेन्सवर काम भागते. ती न घेता खरेदी केली तर लाखही पाण्यात.

पहिले माप अंतराचे. लेन्सवर मिलिमीटरचा आकडा असतो. ५०, ८५, २००, ३०० असा. आपल्याकडे बहुतेकांजवळ असतो तो लहान सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा. त्याच्यासाठी एक सोपा हिशेब आहे. मिलिमीटरच्या आकड्याला ८ ने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या मीटरवर उभा असलेला माणूस आडव्या फोटोत डोक्यापासून पायापर्यंत भरून दिसतो. ५० च्या लेन्सला ६ मीटर, ८५ च्या लेन्सला १० ते ११ मीटर, २०० ला २५ मीटर, ३०० ला ३७ मीटर. मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा असेल तर ८ ऐवजी १३ ने भागा. एवढं गणित चौथीतलं पोरगंही करील.

आता हे कबड्डीला लावून बघू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर. तुम्ही अंतिम रेषेच्या मागे तीन मीटरवर बसलात, तर निदान रेषेपर्यंत आलेला चढाईपटू तुमच्यापासून पावणेसहा मीटरवर असतो आणि मध्यरेषेवरचा साडेनऊ मीटरवर. म्हणजे ५० आणि ८५ या दोन आखूड लेन्समध्ये अख्खी चढाई येते. पकड झाली की ती तर तुमच्या पुढ्यातच होते. इथे ६०० मिलिमीटरची नळी लावली तर चढाईपटूच्या नाकाचा फोटो निघेल, खेळाचा नाही.

ऑलिंपिकमध्ये छायाचित्रकार हंड्याएवढ्या पांढऱ्या लेन्स घेऊन बसलेले आपण टीव्हीवर पाहतो. त्यांना त्या लागतात, कारण त्यांची जागा ठरवून दिलेली असते आणि खेळाडू फार दूर असतो. आपल्या गावच्या मैदानावर असं बंधन नाही. पंचाला विचारून, खेळाला अडथळा न करता आपण रेषेजवळ बसू शकतो. शहरवाल्याला लाख रुपये देऊन जी जवळीक विकत घ्यावी लागते, ती आपल्याला फुकट मिळते. तिचा उपयोग करा.

दुसरे माप उजेडाचे, आणि खरी फसगत इथेच होते. लेन्सवर मिलिमीटरशिवाय आणखी एक आकडा असतो. १.८, २.८, ५.६ असा. हा लेन्सच्या तोंडाचा आकडा. पाटाचं तोंड मोठं असलं की बांधी लवकर भरते, तसं लेन्सचं तोंड मोठं असलं की उजेड लवकर भरतो. फक्त हा आकडा उलटा चालतो. आकडा जेवढा लहान, तेवढं तोंड मोठं. २.८ ची लेन्स ५.६ च्या लेन्सपेक्षा चौपट उजेड आत घेते. १.८ ची लेन्स ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट घेते.

याचा खेळाशी काय संबंध? धावता माणूस फोटोत थिजवायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटावे लागते. बैलजोडी किंवा धावण्याची शर्यत असेल तर हजाराव्या भागात. समजा रात्री दिव्याच्या उजेडात १.८ ची लेन्स सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोटो काढते. त्याच उजेडात, कॅमेऱ्याची बाकी मांडणी तीच ठेवून ५.६ ची लेन्स लावली तर शटर पन्नासाव्या भागापर्यंत उघडं ठेवावं लागेल. तेवढ्या वेळात चढाईपटूचा हात कुठल्या कुठे जातो. फोटो हलला म्हणून आपण पोराच्या हाताला दोष देतो. दोष हाताचा नसतो, तोंड लहान असलेल्या लेन्सचा असतो.

आयएसओ वाढवून थोडं भागवता येतं. १६००, ३२०० पर्यंत न्यायला हरकत नाही. फोटोत वाळूसारखे दाणे येतील, पण दाणेदार फोटो छापता येतो, हललेला येत नाही.

दुकानदार आणखी एक गोष्ट पुढे करतो. ‘यात स्टॅबिलायझर आहे, फोटो हलतच नाही.’ हे अर्धसत्य आहे. स्टॅबिलायझर सांभाळतो तो आपल्या हाताचा कंप. समोरचा खेळाडू धावतो आहे, त्याला तो थांबवू शकत नाही. मंदिराच्या, डोंगराच्या फोटोला त्याचा मोठा उपयोग. पाचशेव्या भागाच्या शटरला फारसा नाही. त्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी विचार करा.

आता प्रत्यक्ष खरेदीचे बघू. भाव हंगामाप्रमाणे आणि मालाच्या हालतीप्रमाणे बदलतात, तेव्हा खालचे आकडे अंदाजाचे समजावे.

दिवसा उजेडी होणाऱ्या शाळेच्या स्पर्धा, खो-खो, व्हॉलीबॉल, धावण्याच्या शर्यती यांना कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ५५-२००, ५५-३००, ७०-३०० यांपैकी एक लेन्स पुरते. यांचे तोंड लहान, पुढच्या टोकाला ५.६ किंवा ६.३. पण डिसेंबरच्या उन्हात दुपारी चारला तेवढं चालतं. जुन्या बाजारात यातल्या बऱ्याच लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळतात.

रात्रीच्या कबड्डीला ८५ मिलिमीटर १.८ ही लेन्स. ही पुढे-मागे होत नाही, म्हणजे हिला झूम नाही. पायानेच पुढे-मागे सरकायचं. एवढे पैसे नसतील तर ५० मिलिमीटर १.८ घ्या. ती नवीसुद्धा दहा हजारांच्या आगेमागे मिळते आणि घरच्या लग्नालाही कामी येते.

शंकरपटाला मात्र लांब लेन्स खरोखर लागते. जोडी भरधाव येत असताना पटाच्या तोंडाशी उभं राहणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. ३०० मिलिमीटरने ४०-५० मीटरवरची जोडी हाकणाऱ्यासह चौकटीत भरते, म्हणून बाजूच्या धुऱ्यावरून काम होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने बंद पडलेल्या बैलांच्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ च्या निकालाने त्यांना पक्का आधार मिळाला. हा आधार बैलाला त्रास न देण्याच्या अटीवर आहे. दुरून काढलेला स्वच्छ फोटो जसा जोडीचा मान वाढवतो, तसा कुणी बैलाला मारत असेल तर तेही दाखवतो. नियम पाळणाऱ्या आयोजकाला त्याची भीती नसावी.

७०-२०० मिलिमीटर २.८ ही लेन्स दिवसा-रात्री दोन्हीकडे चालते हे खरं. खेळाचा व्यवसाय करणारे तीच वापरतात. पण कंपनीची नवी घ्यायची तर ती लाखाच्या वर जाते. ज्याला महिन्याकाठी त्यातून पैसा मिळणार आहे त्याने जरूर विचार करावा. गावच्या मंडळाने, शाळेने किंवा नुकताच धंदा सुरू केलेल्या पोराने त्यासाठी कर्ज काढू नये. आपल्या खेळांचे दिवस मोजके आणि हप्ते बारा महिन्यांचे.

काय घेऊ नये तेही सांगितले पाहिजे. ४२०-८०० अशा मोठ्या आकड्याच्या, हाताने फोकस करायच्या स्वस्त नळ्या मिळतात. त्यांचे तोंड ८.३ पासून १६ पर्यंत, म्हणजे भर दुपारीही अंधार. खेळाडू धावतो तेवढ्या वेगाने हाताने फोकस फिरवणं नवख्याच्या आवाक्यातलं नाही. ५०० मिलिमीटरची आरशाची लेन्सही त्याच जातीची. लेन्सच्या मागे लावायचा दुप्पट करणारा कन्व्हर्टर ५.६ ची लेन्स ११ ची करून टाकतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस तिथेच बंद पडतो. मोबाईलला चिमटा लावून बसवायची दुर्बीण हे जत्रेतलं खेळणं समजावं.

लेन्स आपल्या कॅमेऱ्याला बसते का, हे आधी बघा. कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही. निकॉनच्या ३००० आणि ५००० च्या मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, म्हणून जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाहीत. एएफ-एस लिहिलेली लेन्स घ्यावी. एएफ-पी लिहिलेली लेन्स निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाही. म्हणून लेन्स घ्यायला जाताना कॅमेरा सोबत न्यावा आणि दुकानातच दहा-वीस फोटो काढून बघावे. बैल घेताना चालवून बघतो की नाही, तसंच.

शहरातले अनेक छायाचित्रकार आता आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळले आहेत. त्यामुळे त्यांच्या जुन्या लेन्स बाजारात आल्या आहेत. ही आपल्याला संधी आहे, पण पारखून घ्या. मोबाईलची बॅटरी लेन्सच्या एका बाजूने आत मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, घेऊ नका. काचेवर दोन-चार धुळीचे कण असले तर बिघडत नाही. कडी खिळखिळी आहे का, फोकस होताना खरखर आवाज येतो का, पडल्याची खूण आहे का, ते बघा. पावती घ्या, पावतीवर लेन्सचा नंबर लिहून घ्या.

घरी आणल्यावर तिला दमटपणापासून जपा. आपल्या भागातला पावसाळा लेन्सचा वैरी आहे. बियाण्याचं धान आपण ओलीपासून जपतो, तशीच काळजी. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरा. मैदानावरची माती शर्टाच्या टोकाने पुसू नका, काचेवर ओरखडे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कापड लावा.

आता आयोजकांना दोन शब्द. सर्वांत स्वस्त लेन्स म्हणजे सूर्य. रात्री उशिरापर्यंत लांबणारा अंतिम सामना दुपारी तीनला सुरू करून साडेचारला संपवला, तर दहा हजारांची लेन्सही लाखाच्या लेन्ससारखं काम करते. वरून विजेचा खर्च वाचतो, खेळाडूंना नीट दिसतं आणि पोरीबाळी उजेडी घरी पोचतात. रात्रीच खेळवायचं असेल तर दिवे मंडपावर आणि पाहुण्यांवर कमी, मैदानावर जास्त लावा. चार कोपऱ्यांतून, उंचावरून, खेळाडूच्या डोळ्यांत न जाणारे. काही एलईडी दिवे डोळ्याला स्थिर दिसले तरी विजेच्या लयीवर लुकलुकतात आणि फोटोत पट्टे किंवा कमी-जास्त उजेड येतो. दिवे भाड्याने आणताना आदल्या संध्याकाळी चार फोटो काढून बघितले तर नंतर पश्चात्ताप नको. फोटो काढणाऱ्याला अंतिम रेषेमागे एक जागा आखून द्या. त्याची खुर्ची पाहुण्यांच्या रांगेत ठेवून काही उपयोग नाही.

ग्रामपंचायत किंवा शाळेने लेन्स घेतली तर ती कपाटात बंद राहू नये. रीतसर ठराव, दरपत्रके, जडवस्तू नोंदवहीत नोंद, आणि कोणी कधी नेली, कधी परत दिली याची वही. तीन-चार गावांच्या शाळांनी मिळून एक दिवसाची आणि एक रात्रीची अशा दोन लेन्स ठेवल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च थोडा येईल. सामने सगळ्या गावांचे एकाच दिवशी नसतात. वापरायला शिकवा गावातल्याच दोन पोरांना आणि दोन पोरींना. फोटोखाली काढणाऱ्याचं नाव द्या. नाव छापून आलं की पोरगं दुसऱ्या दिवशी सूर्याच्या आधी मैदानावर हजर होतं.

एक गोष्ट कचारगडच्या जत्रेबद्दल. धनेगावच्या पायथ्याशी माघ पौर्णिमेला निरनिराळ्या राज्यांतून गोंड समाज जमतो. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेशी जोडलेलं हे श्रद्धास्थान. तिथे मोठ्या लेन्स गळ्यात घालून हिंडणारे पाहुणे कमी नसतात. खेळासाठी घेतलेली लेन्स आपली पोरंही तिथे नेतील. त्यांना एवढंच सांगणं आहे. खेळाडू मैदानात उतरतो तो चार लोकांनी बघावं म्हणून. गुहेकडे चढणारी म्हातारी बघून घ्यायला चढत नाही. लांब लेन्सने दुरूनच, तिच्या नकळत तिचा चेहरा टिपता येतो म्हणून तो टिपण्याचा हक्क मिळत नाही. विचारा, मग काढा. नाही म्हटलं तर लेन्सवर झाकण लावा. आश्रमशाळेच्या मुलामुलींचे फोटो छापायचे किंवा मोबाईलवर फिरवायचे असतील तर मुख्याध्यापकांना आणि आईवडिलांना आधी विचारावे, हाही शिरस्ता पाळला पाहिजे.

बाहेरचा माणूस येतो, गुहा आणि पिसांचे मुकुट टिपतो आणि निघून जातो. त्याच्या फोटोत आपण वर्षातून एकदा दिसतो, तेही नटलेले. त्याच गावातली पोरं वर्षभर धावतात, चढाया करतात, पडतात, पुन्हा उठतात. ते टिपायला बाहेरचा कुणी येणार नाही, आणि त्याची वाट बघायचं कारणही नाही. येत्या मंडईच्या आधी मंडळाच्या बैठकीत एक विषय घ्या. मैदानावर जाऊन पावलांनी अंतर मोजा, सामना किती वाजता ठेवायचा ते ठरवा, आणि मगच दुकानाची वाट धरा. ढाल देतानाचा फोटो एक पुरे. बाकीचे सगळे खेळाचे असू द्या.